उसाच्या गाडीला उसाचे इंधन?

ऊस वाहून नेणारा ट्रक उसापासून केलेल्या इंधनावर चालेल का? सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबमध्ये हा प्रश्न कोणाला विचारला, तर बहुधा ‘का नाही चालणार?’ असे उलट विचारले जाईल. त्या उत्साहाला आधार आहे. गाळप हंगामात पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्याकडे जाताना दिसतात, आणि ही सगळी वाहने डिझेलवर चालतात. इंधनाचा कच्चा माल फडात उभा असताना तो वाहून नेण्यासाठी बाहेरून आलेले खनिज तेल जाळावे, ही विसंगती कोणालाही खटकेल. ती खटकली की या विषयाच्या अभ्यासाला सुरुवात झाली असे समजावे. पुढची वाट जरा वळणावळणाची आहे, पण अवघड नाही.

हा विषय सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. माळशिरस तालुक्यात माळीनगर आणि श्रीपूर येथे १९३०च्या दशकातच साखर कारखानदारी रुजली. उजनी धरणाचे पाणी आल्यावर भीमेच्या दोन्ही तीरांवर ऊस पसरला आणि जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा झाला. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट खुद्द करकंबला आहे. मोटारीत अल्कोहोल घालण्याची कल्पनाही जुनीच. त्यासाठीचा कायदा देशात १९४८ साली झाला होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग २००१ मध्ये देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही आपली दोन गावे होती. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. आपल्या मुलखाने या वाटचालीला ऊस दिला, मळी दिली, आसवनीचे तंत्र जाणणारी माणसे आणि पुण्याच्या मांजरीतील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संशोधन संस्थाही दिली. त्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मात्र वाचकांनी एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. वरचा सगळा इतिहास पेट्रोलचा आहे आणि मोठा मालट्रक डिझेलवर चालतो. आपल्या प्रश्नातली खरी गाठ इथे आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाच्या मिश्रणाला स्पार्क प्लगची ठिणगी पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणून पेट्रोल इंजिनाला ठिणगीआधी न पेटणारे इंधन लागते, तर डिझेल इंजिनाला चटकन आपणहून पेटणारे. पहिल्या गुणाचे माप ऑक्टेन, दुसऱ्याचे सीटेन. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर जातो, पेट्रोलपेक्षाही सरस. सीटेन अंक मात्र दहाच्याही खाली राहतो, आणि आपल्याकडच्या बीएस-६ प्रदूषण-मानकाच्या डिझेलला तो किमान ५१ लागतो. जो स्वभाव पेट्रोल इंजिनात इथेनॉलला गुणी ठरवतो, तोच डिझेल इंजिनात त्याला कुचकामी करतो. हा एक मुद्दा नीट समजला, तर या विषयावरच्या निम्म्या वादांतून तुमची सुटका होईल. सभांमधून ‘शंभर टक्के इथेनॉल’च्या घोषणा होतात तेव्हा त्या कोणत्या इंजिनाबद्दल आहेत, हे क्वचितच सांगितले जाते.

यावर दोन उपाय आजमावले गेले. पहिला इंजिनच बदलण्याचा. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने असे इंजिन केले, ज्यात हवा २८ पट दाबली जाते. नेहमीच्या डिझेल इंजिनात हे प्रमाण सतरा-अठराच्या आसपास असते. इंधन म्हणून ९५ टक्के इथेनॉल आणि उरलेल्या भागात मुख्यतः ते पेटायला मदत करणारी रसायने. स्टॉकहोममध्ये अशा बस वर्षानुवर्षे धावल्या. नागपुरात २०१४ मध्ये अशीच बस रस्त्यावर आली, पुढे तिचा ताफाही झाला, पण काही वर्षांतच ती सेवा थांबली. शहरातली बस रोज त्याच डेपोत परतते, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या इंधनाची एक टाकी पुरते. हंगामात ऊस आणि हंगाम संपला की कांदा, सिमेंट किंवा डाळिंबे घेऊन परमुलखात जाणाऱ्या ट्रकची गोष्ट निराळी. त्याला ते इंधन वाटेवरच्या पंपांवर मिळायला हवे.

दुसरा उपाय इंजिन तेच ठेवून डिझेलमध्ये थोडे इथेनॉल मिसळण्याचा. कर्नाटकच्या एसटीने ७.७ टक्के मिश्रणावर बस चालवून पाहिल्या. अडचण अशी की इथेनॉल डिझेलमध्ये मनापासून विरघळत नाही. जरासे पाणी शिरले किंवा थंडी वाढली की दोन्ही वेगळे होतात, म्हणून त्यांना एकत्र धरून ठेवणारे तिसरे द्रव्य घालावे लागते. शिवाय डिझेलचा जो ओशटपणा पंपाला आणि इंजेक्टरला झिजण्यापासून वाचवतो, तो इथेनॉलमध्ये नाही. टाकीतली वाफही लवकर पेट घेणारी होते, त्यामुळे साठवणुकीची शिस्त पेट्रोलइतकीच कडक ठेवावी लागते. म्हणून आता लक्ष आयसोब्युटॅनॉलकडे वळले आहे. तेही साखरेपासूनच आंबवून करता येते, डिझेलमध्ये अधिक सहज मिसळते आणि पाणीही कमी ओढते. दहा टक्के मिश्रणाच्या चाचण्यांचा विषय अलीकडे पुढे आला आहे. वाचकांनी येत्या काही वर्षांत कोणत्या बातमीवर नजर ठेवावी असे विचाराल, तर मी या चाचण्यांकडे बोट दाखवीन.

यंत्राचा प्रश्न सुटला तरी हिशेबाचा उरतोच. एक लिटर डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यासाठी सुमारे १.७ लिटर इथेनॉल लागते. लिटरला चार किलोमीटर जाणारा ट्रक चारशे किलोमीटरच्या फेरीला शंभर लिटर डिझेल पितो. इथेनॉलवर त्याला १७० लिटर लागेल. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा २०२४-२५ हंगामातील खरेदी दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. म्हणजे कर, वाहतूक आणि पंपाचे कमिशन धरण्याआधीच फेरीचे इंधन अकरा हजारांच्या पुढे जाते. नव्वद रुपयांच्या आसपासच्या, तेही करासहित, डिझेलवर तीच फेरी नऊ हजारांत होते. डिझेलच्या दरात कराचा वाटा मोठा आहे. तो उद्या कमी-जास्त झाला तर हे गणितही हलेल, म्हणून दर बदलला की ते तुम्ही स्वतः पुन्हा मांडून पाहावे.

फडाच्या बाजूने पाहिले तर एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. रसाऐवजी साखर काढून उरलेल्या मळीपासून केले, तर साखर जवळपास पूर्ण काढून घेतलेल्या सी-हेवी मळीच्या टनामागे २२५ आणि साखरेचा काही अंश राहू दिलेल्या बी-हेवीच्या टनामागे ३०० लिटर. मळीचा मार्ग साखर राखतो, रसाचा मार्ग साखर सोडतो. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले आणि पुढच्या हंगामासाठी ते उठवले. पाण्याचा आकडा त्याहून बोचरा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. उजनीची टक्केवारी रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग रोजच्या ट्रकला इथेनॉल कामाचे नाही का? इथे ‘रोजचा ट्रक’ म्हणजे कोणता, हे विचारायला हवे. गावातून दूध, भाजी, द्राक्षाच्या पेट्या नेणारी छोटी मालवाहू गाडी, जिला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, ती पेट्रोलवरही मिळते. अशी पेट्रोल गाडी आज पंपावर जाते तेव्हा वीस टक्के इथेनॉल घेऊनच बाहेर पडते. गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नसेल तर ॲव्हरेज काही टक्क्यांनी उतरते आणि रबरी नळ्या, सील यांकडे लक्ष द्यावे लागते. पण गाडी चालते. लहान ट्रकपुरता हा प्रश्न व्यवहाराने सोडवून टाकला आहे.

मोठ्या ट्रकसाठी मला कारखान्याच्या दुसऱ्या दाराकडे पाहावेसे वाटते. आसवनीतून उरणारे सांडपाणी (स्पेंट वॉश) आणि साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ (प्रेसमड) यांपासून बायोगॅस होतो. तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या जागी वापरता येतो, आणि सीएनजीवरचे मालट्रक बाजारात आजही मिळतात. कारखाना ते फड अशा ठरलेल्या फेऱ्या मारणाऱ्या वाहनाला कारखान्याच्या आवारातला एक पंप पुरेल. उसाचा ट्रक उसावर चालायचाच असेल, तर इथेनॉलपेक्षा ही वाट मला जवळची दिसते. इतरांचे मत वेगळे असू शकते, आणि आयसोब्युटॅनॉलच्या चाचण्या यशस्वी झाल्या तर माझेही बदलेल.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी इंजिनापासून सुरुवात करावी, मग लिटरचा हिशेब, मग पाणी, आणि धोरणांचे कागद त्यानंतर हाती घ्यावेत. जवळच्या कारखान्याची आसवनी आतून पाहायला मिळाली तर सोडू नका. आंबवण, ऊर्ध्वपातन आणि शेवटचा पाण्याचा अंश काढणारी चाळणी एकदा डोळ्यांनी पाहिली की पुस्तकातल्या आकृत्या बोलू लागतात. ब्राझीलचा अनुभव सर्वांत शेवटी वाचावा. त्या देशाने १९७५ मध्ये अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आणल्या, आणि तरीही त्याचे मालट्रक मुख्यतः डिझेलवरच धावतात. असे का, हे तोवर तुम्हाला स्वतःहून सांगता येईल.