मोजल्याशिवाय दिसत नाही

बाळंतपणाची सेवा चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचं? मातामृत्यूंवरून, असं उत्तर चटकन सुचतं. जरा आकडेमोड करून पाहू. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, असा नमुना-नोंदणीचा अंदाज आहे. समजा, जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात वर्षाला ५००० बाळं जन्मतात. या दराने तिथे वर्षाला एक किंवा दोन माता दगावतील. यंदा दोन आणि पुढच्या वर्षी एकही नाही, एवढ्यावरून सेवा सुधारली असं म्हणता येणार नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

पहिल्या २८ दिवसांतले बालमृत्यू संख्येने पुष्कळ जास्त असतात, म्हणून लहान प्रदेशातही ते मोजता येतात. पण ते नोंदीतून निसटतात. जन्मून तासाभरात गेलेलं मूल ‘मृतच जन्मलं’ असं लिहिलं जातं. घरी जन्मून घरीच गेलेल्याचा कधी जन्मही कागदावर येत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने म्हणून आधी मोजणीच केली. १९९३ ते १९९५ या काळात ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ निघाला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ५८. मग फक्त ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचं वजन करू लागल्या, त्याला ऊब देऊ लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देऊ लागल्या. १९९७-९८ मध्ये तिथला दर सुमारे २५ वर आला. ४७ गावांत मात्र तो ६० च्या आसपासच राहिला. ही ४७ गावं नसती, तर घट सेवेमुळे झाली की त्या वर्षी पीकपाणी बरं होतं म्हणून, हे कसं सांगता आलं असतं? १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून देशभरात ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी गृहभेटी देऊ लागल्या.

सरासरीचाही एक धोका असतो. १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. शिरपूरची बागायती गावं आणि अक्कलकुवा-धडगावचे डोंगरातले पाडे एकाच आकड्यात बसत. असा आकडा पाड्यावरच्या आईबद्दल काहीच सांगत नाही.

वर्गात एक काम करता येईल. ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदी आणि अंगणवाडीतल्या नोंदी यांची वर्षाची फक्त बेरीज मागून घ्यावी, नावं नकोत. दोन्ही आकडे जुळतात का? जुळत नसतील, तर त्या फरकात कोणाची बाळं आहेत, हा पुढचा प्रश्न.