‘२५०’ या आकड्याचे वचन

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ईमेल खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आली, ही बातमी २०२५ साली गाजली. चर्चा झाली ती माहिती कोणाच्या ताब्यात राहणार याची. मेल सर्व्हरचे दुसरे काम मात्र फारसे कोणाच्या बोलण्यात आले नाही. आलेले पत्र घ्यायचे की नाकारायचे, आणि घेतले तर ते वाचणाऱ्याच्या नजरेस पडू द्यायचे की नाही, हे तो सर्व्हर ठरवतो. भारतात या निर्णयाचा इतिहास सुमारे चाळीस वर्षांचा असून त्याची सुरुवात विज्ञानसंस्थांत झाली.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. तत्कालीन पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग, असे आठ भागीदार त्यात होते. श्रीनिवासन रामाणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ मध्ये पत्रे जाऊ-येऊ लागली, ती साध्या टेलिफोनच्या तारेवरून. एका संगणकाने मोडेममार्फत दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. ही ‘यूयूसीपी’ची पद्धत. पत्ता म्हणजे वाटेतल्या यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून केलेली माळ असे. मधले प्रत्येक यंत्र परक्याचे पत्र स्वतःच्या फोनखर्चाने पुढे नेई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

जगात त्या वेळी दुसरा एक संकेत रुजत होता. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेला एसएमटीपी आजही चालतो. त्यात दोन सर्व्हर अक्षरशः संवाद करतात. पाठवणारा आपले नाव सांगतो, पत्र कोणाकडून आणि कोणासाठी ते सांगतो, मग मजकूर देतो. घेणारा प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. चाराने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाचाने सुरू होणारे म्हणजे ‘नाही, परत येऊ नका’. मजकुरानंतर ‘२५०’ आले की पत्र स्वीकारले गेले. पोस्टाच्या खिडकीवर रजिस्टरची पावती हाती पडावी तसे हे आहे. त्या क्षणापासून जबाबदारी घेणाऱ्याची: त्याने पत्र पोहोचवावे, नाहीतर ते पोहोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे.

‘नंतर या’ हे उत्तर मिळाल्यास किती दम धरायचा, याचाही दंडक १९८९ मध्ये लिहिला गेला. दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस हार मानू नये. ज्या देशात तार केव्हा तुटेल याचा नेम नव्हता, तेथे हा चिवटपणा फार मोलाचा होता. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दरम्यान जी पहिली भाडेतत्त्वावरील जोडणी आली, तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. साठ हजार अक्षरांचा शोधनिबंध तीवरून जायला, तार पूर्ण मोकळी आणि निर्दोष असेल तर, पन्नास सेकंद लागणार. मध्येच तार तुटली की पत्र पुन्हा पहिल्या अक्षरापासून. तोवर ते रांगेत थांबून राही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोस येथे सैद्धांतिक भौतिकीच्या पूर्वमुद्रितांचा संग्रह सुरू केला. तोच आजचा ‘अर्काइव्ह’. वेब तेव्हा फारसे कोणाच्या वापरात नव्हते आणि हा संग्रह आरंभी केवळ ईमेलने चाले. विषयाच्या ओळीत निबंधाचा क्रमांक लिहून पत्र पाठवले की उत्तरादाखल निबंधाची टेक-फाइल येई. त्यापूर्वी पूर्वमुद्रिते टपालाने येत आणि ती कोणाला धाडायची हे परदेशातील मोजक्या संस्थांच्या याद्यांवर ठरे. यादीत नाव नसलेल्या भारतीय विद्यार्थ्याला नवा निबंध नियतकालिकात छापून येईपर्यंत थांबावे लागे. आता त्याचे आणि प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाचे पत्र एकाच रांगेत उभे होते. ही समता ‘२५०’वर विसंबून होती.

त्या वचनाला तडा गेला तो त्याच्याच औदार्यामुळे. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा त्या काळचा सर्वाधिक वापरातला मेल सर्व्हर. कोणाचेही पत्र कोणासाठीही पुढे नेणे हे त्याचे मूळ वर्तन होते. जाहिरातबाजांनी हे हेरले. एका पत्रासोबत हजारो पत्ते परक्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर टाकून ते मोकळे होत आणि तो भाबडा सर्व्हर चार-पाच दिवस चिकाटीने वाटप करीत बसे. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच असल्याने न पोहोचलेल्या पत्रांच्या सूचना तिसऱ्याच निरपराध माणसाच्या पेटीत कोसळत. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी अशा यंत्रांची काळी यादी चालवायला घेतली, आणि मे १९९८ मधल्या सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने परक्यांसाठी दार मुळातच बंद केले. ज्यांनी जुनी आवृत्ती बदलली नाही, त्यांच्या वाट्याला एक विचित्र दोष आला. सर्व्हर सुरळीत, नोंदवहीत सारे ठाकठीक, पण जगभरातून उत्तर ‘५५०’. विभागातल्या एखाद्या विसरलेल्या यंत्रामुळे संस्थेचा अख्खा पत्तासमूह यादीत गेलेला असे. सेंडमेलला पर्याय म्हणून त्याच सुमारास आलेल्या ‘पोस्टफिक्स’चे कर्ते वीत्से वेनेमा यांची डॉक्टरेट अणुकेंद्रकाच्या बीटा-क्षयावरची आहे, हे भौतिकीच्या विद्यार्थ्यांना आवडावे.

गाळण्याच्या सगळ्या युक्त्यांत इव्हान हॅरिस यांनी २००३ साली मांडलेली ‘ग्रेलिस्टिंग’ सर्वांत सुंदर म्हणावी लागेल. तीत मजकूर वाचलाच जात नाही. अनोळखी सर्व्हर प्रथम आला की त्याला चाराचे उत्तर द्यायचे: नंतर या. खरा सर्व्हर १९८९चा दंडक पाळून पुन्हा येतो. लाखो पत्रे उधळणाऱ्याला रांग सांभाळणे परवडत नाही, तो फिरकत नाही. दुबळ्या तारांसाठी घडवलेला संयम असा सचोटीची कसोटी झाला. कालांतराने तीही सदोष ठरली. मोठ्या कंपन्यांचा दुसरा प्रयत्न दुसऱ्याच यंत्रावरून होतो. सर्व्हरला तो पुन्हा अनोळखी वाटतो आणि साधे पत्र तासन्‌तास ताटकळते.

त्यानंतर पत्रापेक्षा पाठवणाऱ्याची ओळख तपासणे आले. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक आपल्या नावाने कोणती यंत्रे पत्र पाठवू शकतात हे जाहीर करतो, डीकेआयएममध्ये पत्रावर सांकेतिक स्वाक्षरी असते, आणि या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे झाले. अडचण येते ती पत्र पुढे वळवताना. जुन्या शोधनिबंधांवर भारतीय विज्ञान संस्थेचे पत्ते ‘अर्नेट’च्या नावाने छापलेले आहेत. असा एखादा जुना पत्ता नव्या पेटीकडे वळवला, की मूळ पाठवणाऱ्याच्या जाहीर यादीत वळवणारे यंत्र नसते आणि खरे पत्र एसपीएफच्या परीक्षेत खोटे ठरते.

नाकारले गेलेले पत्र निदान कळते. त्रासदायक आहे तो स्वीकारून बाजूला टाकण्याचा प्रकार. एखाद्या विद्यार्थिनीने परदेशी प्राध्यापकाला संशोधनवृत्तीसाठी लिहावे, तिच्या संस्थेच्या नोंदवहीत ‘२५०’ उमटावे, रांग रिकामी असावी, आणि पत्र मात्र कोणी न उघडलेल्या स्पॅमच्या कप्प्यात महिनाभराने नष्ट व्हावे. संस्थेच्या मेल-प्रशासकाला तपासायला येथे काहीच उरत नाही. ते गाळण नेमके कशावर अडले हे चालवणारी कंपनी सांगत नाही. नियम उघड केले तर स्पॅमवालेच ते आधी वाचतील, हे तिचे म्हणणे खोटे नाही. पण त्याची किंमत चुकवणारा भलताच असतो.

या दुखण्यावर तांत्रिक इलाज आहे. ‘२५०’ म्हणण्यापूर्वीच, संवाद चालू असताना, पत्र तपासायचे आणि पसंत नसेल तर तिथल्या तिथे ‘५५०’ कारणासह सांगायचे. खोट्या पत्त्यांवर सूचनांचा मारा होत नाही आणि खऱ्या पाठवणाऱ्याला लगेच कळते. सेंडमेल व पोस्टफिक्स दोन्हींत ही सोय आहे. तपासणी होईपर्यंत पाठवणारा जोडणी धरून थांबतो, त्यामुळे सर्व्हरला एकाच वेळी कितीतरी अधिक जोडण्या पेलाव्या लागतात, स्मृती आणि प्रक्रियाशक्ती अधिक लागते, आणि गर्दीच्या वेळी पत्रे खोळंबतात. सरकारी खात्यांचे जुने पत्ते नव्या यंत्रणेवर गेल्यावरही तेच राहिले आहेत. त्या पत्त्यांवर रोज येणाऱ्या नागरिकांच्या पत्रांपैकी कोणत्यांना ‘५५०’ मिळते आणि कोणती ‘२५०’ मिळवून कप्प्यात पडतात, हे सर्व्हरच्या मांडणीतील काही ओळींवर अवलंबून आहे.