तीन हवाई वाटा

इ. स. १९४५ च्या मे महिन्यांत युरोपांतील महायुद्ध संपलें, आणि अवघ्या तीन वर्षांत विजयी राष्ट्रें एकमेकांचीं वैरी बनलीं. त्या वैराचा समग्र इतिहास येथें मावणारा नाहीं. आम्ही वाचकांपुढें केवळ बर्लिन शहराची हकीकत ठेवितों.

पराभूत जर्मनीचे चार विभाग झाले. बर्लिन रशियाच्या विभागांत खोल आंत होतें. तथापि त्या शहराचेही चार वांटे पडले. अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्या वांट्यांत वीस लक्षांहून अधिक माणसें राहत. तिकडे जाणाऱ्या सडका व आगगाड्या यांविषयीं लेखी करार कोणीं करून घेतला नव्हता. दोस्तांमध्यें कागद कशाला, असेंच तेव्हां वाटलें असावें! विमानांच्या तीन वाटा मात्र नोव्हेंबर १९४५ मध्यें कागदावर उतरल्या होत्या.

जून १९४८ मध्यें पश्चिम राष्ट्रांनीं नवें चलन सुरू केलें. तें बर्लिनमध्येंही येतांच स्टालिनच्या सरकारनें २४ जून रोजीं जमिनीवरील व कालव्यांतील वाटा रोखल्या. पश्चिमेनेंही रशियन विभागाकडे जाणारा माल अडविला. शस्त्रें उभयतांजवळ होतीं, पण पहिली गोळी कोणासच झाडावयाची नव्हती. म्हणून पीठ, औषधें आणि कोळसा आकाशमार्गानें जाऊं लागला. एकंदर मालाचे सुमारें दोनतृतीयांश कोळसाच होता. यास निव्वळ परोपकार म्हणणें आम्हांस जड जातें. राजकारण त्यांत पुष्कळ होतें. परंतु तीन वर्षांपूर्वीं विमानाचा आवाज ऐकून तळघरांत दडणारीं मुलें आतां त्याच आवाजाकडे धांवत. हॅल्व्होर्सन नांवाचा अमेरिकन वैमानिक रुमालांच्या छत्र्यांना मिठाई बांधून त्यांच्यासाठीं खालीं सोडी. टेगेल येथें तर बर्लिनच्या हजारों स्त्रीपुरुषांनीं पडक्या इमारतींचा राडारोडा वाहून तीन महिन्यांत नवा विमानतळ उभारिला. १९४९ च्या पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास एका दिवसांत जवळजवळ १३,००० टन माल उतरला.

१२ मे १९४९ रोजीं वाटा खुल्या झाल्या. विमानें मात्र सप्टेंबर अखेरपर्यंत माल वाहतच राहिलीं. विश्वास कोणाचा उरला होता? त्याच वर्षीं जर्मनीचीं दोन राज्यें झालीं, १९६१ मध्यें शहरांत भिंत उभी राहिली, आणि ती १९८९ च्या नोव्हेंबरांत पडली.

या कामीं ३९ ब्रिटिश व ३१ अमेरिकन मृत्यु पावले. टेंपलहोफ येथील स्मारकावर त्यांचीं नांवें आहेत. वर आकाशाकडे वळलेले तीन बाहू त्या तीन वाटांचे आहेत.