चासी पिळते, खोली पिळत नाही

चार पायांची खुर्ची ओबडधोबड अंगणात ठेवली की डुगडुगते. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, ती हलत नाही. पिकअप गाडीच्या चासीवर राहण्याची खोली बसवून डोंगर-वाळवंटात जाणाऱ्यांचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला ही तिवई सारखी आठवत राहिली. अशा फिरत्या खोलीला कॅम्पर म्हणतात. तिच्यात बिछाना असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी असते. या सगळ्याची चर्चा भरपूर होते. खोली गाडीला नेमकी धरून कशी ठेवायची, याकडे मात्र पहिली भेग पडल्यावरच लक्ष जाते.

अडचण चासीच्या घडणीत आहे. पिकअपची चासी म्हणजे आडवी टाकलेली शिडी: दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. यातले बरेच दांडे पन्हळीसारखे एका बाजूने उघडे असतात. पुठ्ठ्याची एक नळी घ्या आणि पिळून पाहा, ती दाद देत नाही. तीच नळी कात्रीने लांबीत चिरा आणि पुन्हा पिळा, ती सहज वळते. उघडा दांडा या चिरलेल्या नळीसारखा वागतो. वजन पेलायला तो तगडा असतो, पण पिळाला नमतो. गाडीचे पुढचे डावे चाक दगडावर आणि मागचे उजवे चाक दुसऱ्या दगडावर चढले की अख्खी चासी पिळवटते. ओढा ओलांडणारी पिकअप मागून पाहिली तर केबिन एकीकडे आणि हौदा दुसरीकडे कललेला दिसतो. दोघांच्या मध्ये फट ठेवलेली असते ती याचसाठी.

खोली मात्र पेटी आहे. सहा बाजूंनी बंद, म्हणून ताठ. ताठ पेटी नमत्या शिडीला चार कोपऱ्यांवर घट्ट आवळली की दोघांपैकी एकाला हार मानावी लागते. भिंतीचे सांधे उकलतात, खिडकीची काच तडकते, नाहीतर चासीलाच भेग जाते. त्या खोलीत माणसे झोपणार असतात आणि जवळचे गॅरेज दोनशे किलोमीटरवर असते, हे लक्षात घेतले की यातले गांभीर्य कळते.

जुन्या गाड्यांना हे दुखणे नव्हते. आपली बैलगाडी दोन चाके आणि एक जू अशा तीन टेकूंवर चालते, तिला पीळ बसायचे कारणच नाही. अमेरिकेतल्या चारचाकी शेतगाड्यांची वरची लाकडी पेटी ठोकून बसवलेली नसे. आडव्या ओंडक्यांवर, दोन बाजूंच्या उभ्या खुंट्यांमध्ये ती नुसती ठेवलेली असे. टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइटने १८६६ साली सैन्याच्या एका जुन्या गाडीला मागे कप्प्यांचे कपाट जोडले आणि गुराख्यांसाठी चालते स्वयंपाकघर तयार केले. फिरत्या संसाराच्या वंशावळीत मी त्या गाडीला बरेच वरचे स्थान देतो.

मोटार आली ती १९०८ साली फोर्डच्या मॉडेल टीच्या रूपाने सामान्य शेतकऱ्याच्या दारात. तेव्हाचे अमेरिकन रस्ते चिखलाचे आणि चाकोऱ्यांचे होते. फोर्डने चासी ताठ करण्याचा हट्ट धरला नाही, तिला लवू दिले. पुढे एक आणि मागे एक असे आडवे कमानपाटे दिले आणि इंजिन चासीवर तीनच ठिकाणी टेकवले. चासी कितीही पिळली तरी इंजिनाच्या ओतीव लोखंडावर तो ताण जात नसे. तिवईचा हिशोब मोटारीत आला तो असा. पुढे कॅम्पर बांधणाऱ्या किती जणांनी हे इंजिन वाकून पाहिले असेल, देव जाणे.

कारण त्याच मॉडेल टीच्या चासीवर लगेच खोल्याही चढू लागल्या. १९२०च्या दशकात त्यातली एक, लॅमस्टीड कॅम्पकार, अनहायझर-बुश या बिअर कंपनीने बनवली होती. दारूबंदीने मद्यवाल्यांना कसल्या कसल्या धंद्यांना लावले ते पाहण्यासारखे आहे! १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा असलेली गाडी विकायला काढली आणि हौद्यात खोली ठेवायची सोय आपोआप झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रकार अमेरिकेत जोरात वाढला. खोली हौद्यात सरकवायची, साखळी आणि आवळणीने चार बाजूंनी ताणून बांधायची, घरी आल्यावर टेकूंवर उचलून ठेवायची आणि गाडी कामाला मोकळी. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली अशीच जीएमसी पिकअप घेऊन देश पाहायला निघाला. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांते हे नाव दिले होते. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक त्या प्रवासाचे. १९६५ पासून फोर्ड ‘कॅम्पर स्पेशल’ नावाने खास जड कमानपाट्यांच्या पिकअप विकू लागली, यावरून गिऱ्हाईक किती वाढले असेल ते समजते. साखळीची ही बांधणी साधी असली तरी अडाणी नव्हती. खोली हौद्यावर बसे, हौदा चासीवर वेगळा बसे आणि प्रत्येक जोडात थोडी ढील असे. शेतगाडीच्या पेटीचीच ही पुढची पिढी.

पण खोल्या मोठ्या आणि उंच होत गेल्या, लोक रस्ता सोडून आत शिरू लागले आणि ढील पुरेनाशी झाली. हौदा काढून खोली थेट चासीवर बसवायची वेळ आली. या कामाचा धडा पिकअपने नव्हे, तर जर्मनीतल्या एका शेतगाडीने घालून दिला.

युद्धात हरलेल्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने युनिमॉगची आखणी केली. १९४६ मध्ये पहिली नमुना गाडी चालली. दोन चाकांमधले अंतर १२७० मिलिमीटर ठेवले होते, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी! १९५१ पासून ती डाइमलर-बेंझ बनवू लागली आणि १९५५ पासून तिचे ४०४ हे रूप मोठ्या संख्येने सैन्यात गेले. शेतात आणि खड्ड्यांत चारही चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून हिची चासी मुद्दामच पिळू दिलेली होती. मग तिच्यावर रुग्णवाहिकेची किंवा वायरलेसची बंद पेटी बसवायची कशी? तर पेटीखाली वेगळी चौकट घ्यायची आणि ती चासीवर तीन ठिकाणी टेकवायची. दोन टेकू दोन कडांना, तिसरा मधोमध, खिळीवर फिरणारा. खाली चासी हवी तशी वळो, वरच्या पेटीला फक्त कलणे कळते, पीळ कळत नाही. सैन्याने काढून टाकलेल्या या गाड्या पुढे हौशी प्रवाशांनी घेतल्या, त्यांत बिछाने टाकले आणि सहारा गाठले. पिकअपवर कॅम्पर बसवणारे आज ज्याला तीन टेकूंची बैठक म्हणतात ती याच घराण्यातली. काही जण चार टेकू पतंगाच्या आकारात लावतात, काही एका टोकाला घट्ट बोल्ट आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग देतात. स्प्रिंगची बैठक स्वस्त आणि बुटकी असते. नुसत्या कच्च्या रस्त्याला तीच पुरे, असे माझे मत आहे. फिरत्या खिळीने खोली वर उचलली जाते आणि उंच खोली वळणावर झोकांड्या खाते.

आमच्या मोहल्ल्यातल्या बॉडी मिस्त्रींना यातले बरेचसे पुस्तकाविना ठाऊक असे. ट्रकची बॉडी चढवताना ते चासी आणि बॉडीच्या मध्ये लाकडाची पट्टी घालत, तिचे पुढचे टोक निमुळते तासत आणि वरून यू-बोल्ट आवळत. निमुळते का, तर ताठ भाग जिथे एकदम संपतो तिथेच भेग सुरू होते. दांड्याच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचे नाही, कारण वजनाचा सगळा ताण तिथेच असतो. गाड्यांच्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना हेच लेखी बजावतात.

तरीही चास्या मोडतात. ऑस्ट्रेलियाच्या लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यांवर दुहेरी केबिनच्या पिकअप केबिनमागे वाकल्याची छायाचित्रे नेहमी दिसतात. तिथे दोष पिळाचा कमी आणि वजनाच्या जागेचा जास्त असतो. केबिन लांब म्हणून हौदा आखूड, त्यामुळे खोलीचे वजन मागच्या आसाच्याही मागे लोंबते. मागची बाजू बसते म्हणून मालक कमानपाट्यांच्या मदतीला हवेच्या पिशव्या लावतो. गाडी सरळ दिसू लागते, पण पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार आता दांड्याच्या एका बिंदूवर ठोसे मारू लागतो. तीन टेकूंची उत्तम बैठकही इथे उपयोगाची नाही. पाण्याची टाकी आसाच्या पुढे सरकवणे उपयोगाचे आहे.

नवी बैठक तपासायची कारागिरांची एक सोपी रीत आहे. पुढचे एक चाक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातले मागचे चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवायचे, म्हणजे चासीला पुरता पीळ बसतो. मग मागे जाऊन खोलीचे दार उघडायचे. दार चौकटीत अडकले, तर बोल्ट सोडून काम पुन्हा पहिल्यापासून.