आधी हस्तपुस्तिका वाचा

सन २००५ च्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकजण जुन्या गद्यातील शब्दांची सूची संगणकावर तयार करीत होता. शब्द जमले होते. अडचण वर्णक्रमाची होती. संगणक 'ळ' ला 'ल' च्या पाठोपाठ आणि 'व' च्या आधी नेऊन बसवी, 'क्ष' ला 'क' च्या पोटात आणि 'ज्ञ' ला 'ज' च्या पोटात ढकली. मराठीत 'ळ' चे स्थान 'ह' नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' त्याच्याही नंतर, हे कोश चाळणारा कोणीही सांगेल. यंत्राला मात्र युनिकोडच्या कोष्टकातला क्रम तेवढा ठाऊक. पर्ल या भाषेत जेमतेम दहा ओळी लिहिता येणाऱ्या आमच्या मित्राने शेवटी इंटरनेटवर त्या भाषेचे जाणकार जमतात तेथे आपली अडचण मांडली. सुरुवात केली ती 'रिस्पेक्टेड सर, आय हॅव अ डाउट' अशी. तासाभरात उत्तर आले. ते चार अक्षरांचे होते : आर, टी, एफ, एम.

या अक्षरांचा अर्थ 'ती अमुक हस्तपुस्तिका वाचा'. 'अमुक' च्या जागी एक इंग्रजी शिवी आहे. आयुष्यभर इतरांना 'मूळ ग्रंथ वाचा' असे बजावणाऱ्या व्यवसायात आम्ही आहोत. त्यामुळे या उत्तराने झालेल्या अपमानात थोडी काव्यगत न्यायाची चवही होती, हे आधीच कबूल केलेले बरे.

ज्या हस्तपुस्तिकेकडे ही अक्षरे बोट दाखवतात तिचा उगम मात्र मुळीच उद्धट नाही. बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचली आणि तिच्या हस्तपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. प्रत्येक आज्ञेविषयी एक नोंद, आणि त्या नोंदीत 'दोष' असा स्वतंत्र मथळा. आपल्या कृतीतले उणेपण आपणच छापून वाचकाच्या हाती ठेवणारा असा संदर्भग्रंथ आम्हांला आमच्या क्षेत्रात क्वचितच आढळला आहे. हा वाचक लेखकाच्या शेजारच्या खोलीत बसणारा सहकारी होता. पुस्तिकेतली अतिसंक्षिप्त शैली त्याला पुरेशी होती, कारण न कळलेले तो दारावर टकटक करून विचारू शके. पुढे पुस्तिका जगभर गेली, शेजारची खोली गेली नाही. नवशिक्याची पुष्कळशी दुर्दशा या एका गोष्टीतून निघते, असे आम्हांला वाटते.

१९७९-८० मध्ये ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून यूजनेट हे संदेशांचे जाळे उभे राहिले. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवी मुले दाखल होत, यूजनेटवर येत, तेच ते प्रश्न विचारीत. जुनी मंडळी कुरकुरत त्यांना वळण लावीत आणि दोनेक महिन्यांत सारे पूर्ववत होई. आपल्याकडच्या जून महिन्यासारखेच हे. १९९३ च्या सुमारास इंटरनेटची सेवा विकणाऱ्या व्यापारी कंपन्यांचे ग्राहक या जाळ्यात येऊ लागले आणि नवागतांचा ओघ वर्षभर थांबेना. तेव्हा, १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे एकाने लिहिले आणि तो शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात विनोद आहे, थकवा आहे. पण 'ते' आणि 'आम्ही' ही रेघही आहे.

या थकव्यातूनच वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी हा वाङ्मयप्रकार रुजला. त्यामागची प्रेरणा सौजन्याचीच होती. सी भाषेविषयीच्या प्रश्नांची स्टीव्ह समिट यांनी सांभाळलेली यादी इतकी वाढली की १९९५ मध्ये तिचे पुस्तक झाले. अशा यादीत प्रश्न नीट पुसून, घासून ठेवलेले असतात. ते कोणी, कोणत्या अडचणीत सापडून विचारले होते हे उरत नाही. महानुभाव वाङ्मय शिकवणाऱ्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचे बोल प्रसंगासह येतात : कोण आले, काय पुसले, त्या वेळी काय घडत होते. केसोबासाने त्यांतून वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र पाठ करायला सोपे, पण विचारणारा त्यातून निघून गेलेला असतो. दोन्ही ग्रंथ हवेतच. मात्र ज्याच्या हाती केवळ सूत्रपाठ आहे त्याला, आपल्यासारखेच अडाणी प्रश्न पूर्वी कोणी विचारले होते आणि त्यांना उत्तरेही मिळाली होती, हा दिलासा मिळत नाही.

मग प्रश्नकर्त्याला शिस्त लावणारे ग्रंथ आले. ऑक्टोबर १९९५ मध्ये जाळ्यावरील शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. ती बरीचशी सर्वांसाठी होती. खरा प्रभावी ठरला तो एरिक रेमंड यांनी रिक मोएन यांच्या साहाय्याने २००१ मध्ये लिहिलेला, प्रश्न हुशारीने कसे विचारावेत याविषयीचा दीर्घ निबंध. आधी स्वतः शोधा, काय करून पाहिले ते सांगा, मथळा नेमका द्या, अंदाज न सांगता लक्षणे सांगा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. संशोधनपद्धतीच्या तासाला आम्ही तो जसाच्या तसा देऊ. पण निबंधाचा स्वर पाहावा. विचार न करता विचारणाऱ्यांसाठी त्यात तुच्छतादर्शक नाव आहे, आणि उद्धट उत्तर मिळालेच तर ते कसे सोसावे याचे मार्गदर्शन आहे. उत्तर देणाऱ्याने कसे वागावे यावरही एक विभाग आहे. समंजस, चांगला विभाग आहे तो. पण आखूड, आणि अगदी अखेरीस. गंमत म्हणजे लोक नवशिक्यांना सरसकट या निबंधाकडे पाठवू लागले आणि तेथे पोचलेले बिचारे आपल्या तांत्रिक अडचणी थेट लेखकांनाच विचारू लागले. तेव्हा 'आम्ही मदतकेंद्र नाही' अशी ठळक सूचना निबंधाच्या आरंभी घालावी लागली.

उत्तर देणाऱ्याच्या वर्तनाचा नियम कोणी केलाच नाही असे नाही. तो स्त्रियांनी केला. १९९८ मध्ये डेब रिचर्डसन यांनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांसाठी लिनक्सचिक्स हा गट काढला. त्याचे नियम दोनच होते : सभ्य राहा आणि मदत करा. मोठ्या तांत्रिक गटांत स्त्रियांना जे ऐकावे लागे त्याच्या अनुभवातून हे आले होते. २००२ मध्ये त्याच वर्तुळातील व्हॅल हेन्सन यांनी लिनक्समध्ये स्त्रियांना प्रोत्साहन कसे द्यावे यावर एक मार्गदर्शिका लिहिली. तिचा रोख नवागत स्त्रीकडे नव्हता, आधीपासून तेथे बसलेल्या पुरुषांकडे होता. रूबी भाषेच्या समूहात तिचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांच्या सौम्य स्वभावाचाच दाखला होऊन बसला : मात्स भले आहेत, म्हणून आपणही भले असावे. घराण्याची शिस्त गुरूच्या वागण्यावरून ठरते, हे संगीतातल्या मंडळींना निराळे सांगायला नको.

२००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. येथे शिवीला थारा नव्हता. चांगल्या उत्तराला गुण मिळत, जुनाच प्रश्न पुन्हा आला की तो पुनरुक्त म्हणून बंद होई. प्रश्नातले नमस्कार आणि आगाऊ आभार काढून टाकावेत असा संकेत होता. कारण उघड आहे : उत्तर एकट्या प्रश्नकर्त्यासाठी नव्हतेच, पुढे शोधत येणाऱ्या हजारोंसाठी होते. त्या हजारोंची सोय निःसंशय झाली. आज जगात चालणाऱ्या किती प्रोग्रॅमांत त्या उत्तरांचे तुकडे असतील याची गणतीच नको. पण प्रश्न घेऊन आलेला माणूस हे त्या ग्रंथरचनेचे केवळ निमित्त झाले. ज्याला निमित्तमात्र केले जाते त्याला ते कळते.

आपल्याकडच्या मुलांना ते अधिक कळले. 'मला एक शंका आहे' हे मराठी वर्गातले सर्वांत विनम्र वाक्य. तेच इंग्रजीत 'डाउट' होऊन गेले की परक्या कानाला त्यात अविश्वास ऐकू येतो. 'सर' म्हणणे, क्षमा मागून मग विचारणे, ही आमच्याकडची रीत तेथे पाल्हाळ ठरते. दोन शिष्टाचारांची ही टक्कर होती. पण एकाच बाजूला तिचे नाव 'अडाणीपणा' असे पडले.

एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्याच व्यवस्थापनाने जाहीरपणे मान्य केले की नव्या लोकांना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षित गटांना ही जागा परकी वाटते. ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आली. सप्टेंबरात लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या भाषेबद्दल क्षमा मागून लिनक्सच्या कामातून काही काळ विश्रांती घेतली. त्यांचा राग नवशिक्यांपेक्षा अनुभवी सहकाऱ्यांवर अधिक निघे, हे नोंदवले पाहिजे. तरी वरिष्ठांची वाणी खालपर्यंत झिरपतेच. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नंतरच्या वर्षांत स्टॅक ओव्हरफ्लोवर येणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. अशा यंत्रांचे शिक्षण इंटरनेटवरच्या लिखाणावर, म्हणजे या मंडळींनी फुकट लिहिलेल्या उत्तरांवरही, झालेले आहे. चाळीसाव्यांदा तोच प्रश्न आला तरी यंत्र कंटाळत नाही. त्याचे उत्तर कधी चुकते, पण ते 'आधी वाचून या' म्हणत नाही. आणि संकोची मुलाला तेवढे पुरते.

कंटाळणाऱ्यांची बाजू आम्ही हसण्यावारी नेत नाही. ते विनावेतन उत्तरे देत होते. आम्ही वेतन घेऊन कंटाळतो. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वृत्त आणि छंद यांत फरक काय, असे विचारले. तास संपत आला होता. 'पुस्तकात आहे,' असे आम्ही म्हणालो. पुस्तकात ते खरोखरच होते. तिने उरलेल्या वर्षात दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि हे आमच्या ध्यानात आले ते परीक्षा झाल्यावर.

२००५ च्या त्या प्रश्नाला दोन दिवसांनी आणखी एक उत्तर आले होते. लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हते. त्याने विचारले होते : तुमच्या वर्णमालेत हे अक्षर नेमके कोठे येते, आणि त्याच्या आधी कोणते? आमच्या मित्राने कागदावर सगळी वर्णमाला क्रमाने लिहिली, एकेका अक्षराचा संकेतांक शोधून त्यापुढे मांडला आणि पाठवून दिली. हे करतानाच आपली चूक कोठे होते आहे ते त्याला बरेचसे उमगले. उरलेल्या सहा ओळी त्या गृहस्थाने लिहून दिल्या. सूची विभागाच्या कपाटात आहे. तीत 'ळ' हा 'ह' नंतर येतो.