जुन्या संगणकविषयक नियतकालिकांचे संग्रहमूल्य

नियतकालिक शिळे झाले की त्याची किंमत वजनावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकविषयक नियतकालिकांबाबत तो अधिकच दृढ आहे, कारण त्यांतील माहिती वर्षभरातच जुनी होते. तथापि, संग्राहक नेमकी हीच नियतकालिके शोधत असतात. अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा जानेवारी १९७५ चा अंक हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या मुखपृष्ठावरील 'अल्टेअर ८८००' पाहून पॉल ॲलन व बिल गेट्स यांनी त्या संगणकासाठी बेसिक भाषा तयार करण्याचे काम हाती घेतले. गंमत अशी की, छायाचित्रातील पेटी आतून पोकळ होती. मूळ नमुना वाहतुकीत गहाळ झाला होता. कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लबचे वार्तापत्र तर मूठभर सभासदांसाठीच निघे. आज्ञावलींच्या फुकट प्रती काढणाऱ्यांना चोर ठरविणारे गेट्स यांचे १९७६ मधील पत्र त्यात छापले गेले, म्हणून त्या साध्या पानांना आज दस्तऐवजाचे मोल आहे.

भारतात 'डेटाक्वेस्ट' १९८२ मध्ये व 'पीसी क्वेस्ट' १९८७ मध्ये सुरू झाले. मुंबईहून २००१ पासून 'डिजिट' निघू लागले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली खरी, परंतु जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी ती पोहोचण्यास अवधी लागला. अशा काळात अंकासोबतची सीडी हाच नव्या आज्ञावली मिळण्याचा एक सुलभ मार्ग होता. त्यांतील जाहिरातींत संगणकाच्या किमती, स्मृतिक्षमता व प्रशिक्षणवर्गांची शुल्के आढळतात. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला, तेव्हा सामान्य कुटुंबाला संगणक किती महाग होता, हे या जाहिराती लेखांपेक्षा अधिक नेमके सांगतात.

येथेच ग्रंथालयीन व्यवहाराचा प्रश्न येतो. बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे; सीडी अंकापासून वेगळी पडते आणि उरलेले अंक निर्लेखनात रद्दीकडे जातात. संग्राहक ज्या पूर्ण प्रतीसाठी अधिक किंमत मोजतो, तीच इतिहासाच्या अभ्यासकालाही हवी असते. बाजारभाव आणि साधनमूल्य यांचे असे एकमत क्वचितच होते. निर्लेखनाची यादी करताना प्रत्येक नियतकालिकाचे एखादे सलग वर्ष, जाहिराती व सीडींसह, न बांधता वेगळे ठेवता येईल. त्यास एक कपाट पुरेसे आहे.