कारणाचा रकाना

जबलपूर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला भेडाघाट आठवतो, फौजीला ग्रेनेडियर्सचं नाहीतर जॅक रायफल्सचं सेंटर, आणि इतिहासाची आवड असणाऱ्याला ठगांच्या मागे लागलेला स्लीमन. मी सध्या नेपियर टाउनमध्ये राहतो. कॅन्टोन्मेंटमध्ये फॅमिली क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत मुक्काम इथेच. भंवरतालची बाग चालत जाण्यासारखी, शेजारी राइट टाउन. इंग्रजी अमदानीतलं जबलपूर अशा नावांतून अजून शिल्लक आहे. पण त्याच अमदानीतली एक जागा लोकांच्या बोलण्यातून पार गेली आहे. या शहरात वेड्यांचं इस्पितळ होतं. मध्य प्रांतात अशी दोनच होती, एक नागपूरला आणि एक जबलपूरला.

अशा इस्पितळांच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असायचा: वेडाचं कारण. त्या एका रकान्यावरून लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि हिंदुस्थानात कमिशन बसलं. ती गोष्ट सांगतो.

जुलै १८९१ मध्ये मार्क स्ट्युअर्ट नावाच्या खासदाराने विचारलं की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत, हे खरं का? मार्च १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन यांनी तोच विषय पुन्हा काढून चौकशी मागितली. केन म्हणजे दारूच्या विरोधात आयुष्य घातलेला माणूस आणि काँग्रेसचा मित्र. सरकारने त्याच वर्षी जुलैत ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. अफूचं वेगळं रॉयल कमिशन बसलं तेही १८९३ मध्येच, त्यामुळे अफूच्या गाजावाजात गांजाचं कमिशन मागे पडलं. माझ्या मते दोघांत कामाचं हेच.

अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत मुंबई इलाख्यातले ओमनी, मध्य प्रांतातले सनदी अधिकारी अँड्र्यू फ्रेझर (पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले ते), कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन, आणि राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग, लाला निहालचंद हे तीन हिंदी सदस्य. सगळं वर्ष हिंडून त्यांनी १,१९३ साक्षीदारांची मतं घेतली. डॉक्टर, तहसीलदार, मिशनरी, शेतकरी, दुकानदार, वैद्य, कोणी सोडला नाही. अहवालाचे सात खंड झाले आणि वर एक पुरवणी खंड. पुरवणीचा विषय वाचून आपल्या मंडळींचे कान टवकारतील: देशी फौज. पलटणींकडून आलेली उत्तरं त्यात छापली आहेत. शिपाई गांजा-भांग घेतो का, घेत असेल तर शिस्तीवर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो, हे सरकारला तेव्हाही जाणून घ्यायचं होतंच.

आता मूळ प्रश्न: इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, हे कोण म्हणतं? डॉक्टर म्हणतात. डॉक्टर कशावरून म्हणतात? इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांवरून. आणि आकडे येतात त्या रकान्यातून.

कमिशनने मग फौजी भाषेत ज्याला ग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणतात ते केलं. १८९२ हे एकच वर्ष धरलं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सगळ्या वेड्यांच्या इस्पितळांत त्या वर्षी १,३४४ माणसं दाखल झाली होती. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं, म्हणजे सहातला एक. हे २२२ कागद एकेक करून पुन्हा उघडले. माणूस कुठल्या गावचा, नातेवाईक काय सांगतात, आधी कधी असं झालं होतं का, घराण्यात कोणाला होतं का, याची शक्य तिथे स्थानिक चौकशी करवली.

चौकशीत जे बाहेर आलं ते कचेरीत काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. १८५८ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने वेडा इस्पितळात पाठवला जाई आणि त्याच्यासोबत एक वर्णनपत्र जाई. ते भरायचं काम प्रत्यक्षात पोलिसांचं. रस्त्यावर बरळत हिंडणारा, बहुतेक वेळा बिनवारशी माणूस. नाव धड सांगत नाही, गाव सांगत नाही. फॉर्मला मात्र कारण हवं. माणूस बैरागी-फकिरासारखा दिसतोय, कंबरेला चिलीम आहे, किंवा विचारल्यावर ‘हो, ओढतो’ म्हणाला, की झालं. कारण: गांजा. पुढे इस्पितळाचा कारकून तेच रजिस्टरमध्ये उतरवणार. इस्पितळाचा प्रमुख बहुधा जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, त्याच्या मागे जेल, दवाखाना, पोस्टमॉर्टेम अशी सतरा कामं, तो सही करणार. वर्षअखेरीला बेरीज. ती बेरीज वाचून पुढचा डॉक्टर म्हणणार की गांजाने वेड लागतं हे आकड्यांनी सिद्ध आहे. आणि डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणून पुढचा हवालदार पुन्हा तेच लिहिणार. ‘माहीत नाही’ हे उत्तर कुठल्याच कचेरीला कधी आवडलेलं नाही.

छाननीनंतर २२२ पैकी ९८ केसेस उरल्या. त्यातही ३७ मध्ये गांजासोबत दुसरं काही कारण होतं. निव्वळ गांजा म्हणता येईल अशा ६१. म्हणजे एकूण दाखल झालेल्यांत शंभरात साडेचार.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गांजा निरुपद्रवी आहे, असं कमिशनने म्हटलेलं नाही. बेताने घेणाऱ्याला सहसा मोठा अपाय दिसत नाही, अतिरेक करणाऱ्याला शरीराने आणि मनाने अपाय होतो, आणि ज्याचं मन मुळात डळमळीत आहे त्याला तो ढकलू शकतो, असा त्यांचा सूर होता. आजचे मानसोपचारतज्ज्ञ याच्या पुढे जाऊन सांगतात की कोवळ्या वयात, रोज, कडक माल ओढणाऱ्याला मानसिक आजाराचा धोका नक्की वाढतो. तेव्हा एकशे तीस वर्षांपूर्वीचा अहवाल दाखवून कोणी ‘बघा, काही होत नाही’ म्हणत असेल तर त्याने तो वाचलेला नाही. गांजात धोतरा मिसळण्याची चालही अहवालात आहे, आणि धोतऱ्याने माणसाचं काय होतं ते स्लीमनच्या या मुलखाला वेगळं सांगायला नको. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्या इथे ठाऊक होत्या.

कमिशनने बंदी नको म्हणून सांगितलं. कर लावा, परवाने द्या, लागवड ठरलेल्या जागीच होऊ द्या. मध्य प्रांतात ती जागा खांडवा होती. सरकारी देखरेखीत पीक निघे आणि माल दुकानांना जाई. मुंबईकडून जबलपूरला येताना खांडवा स्टेशन लागतं. तिथे चहा पिताना मला हे आठवतं. आता बंदी नको म्हणण्यात सरकारी तिजोरीचा हात किती आणि शास्त्राचा किती, ही शंका रास्त आहे. राजा शशिशेखरेश्वर आणि लाला निहालचंद या दोघांनी आपली भिन्नमतं जोडली आहेत, तेव्हा आतही सगळं एकमताने झालेलं नाही. पण रकान्याची तपासणी खणखणीत होती, ती खोटी म्हणता येत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. इतकी माणसं, इतके महिने, इतके खंड, आणि ते गांजासाठी. दारूसाठी असं कमिशन बसलं नाही. छावणीत कॅन्टीन होतं. गोऱ्या सोल्जरची दारू हा साहेबांच्या डोक्याला कायमचा ताप होता, इतका की सरसेनापती रॉबर्ट्सने १८८८ मध्ये आधीच्या मद्यपानविरोधी संघटना एकत्र करून ‘आर्मी टेम्परन्स असोसिएशन’ काढली. न पिणाऱ्याला मेडल! गोरा सोल्जर डोक्यातून गेला तर सहसा बोटीने विलायतेला, नेटलीच्या लष्करी इस्पितळात जाई. इथल्या रजिस्टरच्या बेरजेत तो फारसा येतच नसे. इकडे पुण्यात महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, शहरात वाढलेल्या दारूच्या दुकानांबद्दल अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं. त्या पत्राने पार्लमेंट हललं नाही. चिलीम डोळ्यांत भरते, ग्लास भरत नाही. तो साहेबांच्या टेबलावरही असतो ना.

हा भेद कायद्यात आजही दिसतो. १८८५ नाही, १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, तो बंद. नुसतं पान मात्र व्याख्येतून वगळलेलं, म्हणून मध्य प्रदेशात परवान्याचं भांगेचं दुकान असतं आणि शिवरात्रीला तिथे गर्दी असते. दारू त्या कायद्यात येतच नाही.

आता थोडं आपल्यातलं. आपल्याकडेही तो रकाना आहे. जवानाला मानसोपचाराच्या वॉर्डात पाठवताना युनिटकडून एक फॉर्म जातो. वागणूक कशी, काम कसं, पितो का, घरची परिस्थिती काय. मी सुभेदार झाल्यापासून असे फॉर्म बऱ्याचदा हातातून गेले. मागच्या एका पोस्टिंगवर आमच्याच भागातला एक नाईक होता. कामाला चोख, बोलायला कमी. सहा महिन्यांत दोनदा रोलकॉलला पिऊन आला, तिसऱ्यांदा पडला. फॉर्मचा कच्चा मसुदा माझ्यापुढे आला तो तीन शब्दांचा होता: ‘सवयीचा दारुडा आहे’. मी त्याला बोलावून घेतलं.

‘बस. झोप कधीपासून नाही रे?’

बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, दिवाळीपासून.’

‘आणि दारू?’

‘ती त्याच्यानंतर.’

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या धाकट्या भावाने विहिरीत उडी घेतली होती. प्रेत यानेच वर काढलं. सुट्टी वाढवून मागितली नाही, कोणाला सांगितलं नाही, ड्युटीवर परत आला. फॉर्ममध्ये हे सगळं तारखांसकट गेलं. वॉर्डातल्या डॉक्टरसाहेबांनी फोन करून आणखी चार गोष्टी विचारल्या. उपचार दोन झाले, दारूचा वेगळा आणि झोपेचा-दुःखाचा वेगळा. नुसतं ‘दारुडा’ लिहून गेला असता तर पहिलाच झाला असता.

उपचार या शब्दाला १८९२ च्या इस्पितळात फार अर्थ नव्हता. कोंडून ठेवायचं, खायला घालायचं, जमेल त्याला काम द्यायचं. चिलीम तुटली की काही जण आठवडाभरात शुद्धीवर येत आणि ‘बरा झाला’ म्हणून सुटत. बाहेर पुन्हा तेच. दारू किंवा गांजा सुटल्यानंतरच खरं काम सुरू होतं, हे आपल्याकडे रुजायला फार वर्षं गेली. मराठी माणसाला हे कळलं ते बरंचसं ‘मुक्तांगण’मुळे. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात ते सुरू झालं, आणि जागा कुठली, तर येरवड्याचं मनोरुग्णालय. डॉ. अनिता म्हणजे सुनंदा अवचट तिथेच नोकरीला होत्या. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, त्यातून हे उभं राहिलं. व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच तिथे कामाला घेतलं आणि बायकोला, घरच्यांना उपचारात ओढलं. म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाच्याच आवारात कोणीतरी रकान्यापलीकडचं विचारायला लागलं.

कायदाही हळूहळू सरकला. अंमली पदार्थांच्या कायद्यात स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम १९८९ च्या दुरुस्तीने आलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. आणि २०१९ मध्ये एम्सच्या केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूवर अवलंबून असलेले सुमारे २ कोटी ९० लाख. त्यातल्या अडतीस जणांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळालेला. फौजेत निदान वॉर्ड आहे, डॉक्टर आहे, पुन्हा तपासणीची तारीख आहे. गावाकडच्या आपल्या भावाला यातलं काहीच नाही.

तो नाईक काही महिने लो मेडिकल कॅटेगरीत होता, हत्यारापासून लांब, स्टोअरमध्ये. एकदा घसरला, पुन्हा वॉर्डात गेला. त्याची बायको दर रविवारी आमच्या घरी फोन करते. परवा हिला म्हणाली, झोप लागते आता, पण दिवाळीला गावी जायचं म्हटलं की विषय बदलतात.